रायफलीतलं कुंकू

वडिलांची जुनी पॉइंट टू-टू रायफल माझ्या नावावर झाली, तेव्हापासून रायफल क्लबात तिच्या दहातल्या चार गोळ्या उडायच्याच नाहीत. मी गोळ्या बनवणाऱ्यांना शिव्या घालायचो. शेवटी सिटी चौकाजवळ बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो.

त्यांनी आधी लायसन्स वाचलं, मग चष्मा कपाळावर चढवला, गोळीवर ठोका देणारा बोल्ट काढला आणि आतून करंगळीचं नख फिरवलं. लाल झालेलं नख त्यांनी माझ्यापुढं धरलं. मग सुईनं कोरून कुंकू, हळद, झेंडूची सुकलेली पाकळी आणि अक्षतांचे तीन दाणे वर्तमानपत्रावर काढून ठेवले.

"दर खंडेनवमीला पूजा करतो," मी छाती काढून म्हणालो. "वडिलांपासून चालत आलंय."

"व्हय, दिसतंय ना. वडिलांचं कुंकू तळाला हाये, वरचं तुमचं." त्यांनी सुई पुसली. "पूजा लई झाली साहेब. तेल कधी दिलं?"

मी त्यांच्याकडूनच तेलाची बाटली विकत घेतली.

आता दहाच्या दहा गोळ्या उडतात. त्यामुळं माझा नेम किती वाईट आहे, हे साऱ्या क्लबाला कळलंय.