उलट्या हाताची सवय

तवा तापला की नाही, हे प्रेमानंद गजभिये हाताच्या मागच्या बाजूने पाहायचा. बोटं किंचित दुमडायची, तव्याजवळ न्यायची आणि चटकन मागे घ्यायची. इस्त्री तशीच, लेकीच्या कपाळाचा ताप तसाच आणि उन्हाळ्यात कूलरचा पत्राही तसाच. लग्नानंतर पहिल्या वर्षी कौसल्येला वाटलं होतं, हा नवऱ्याचा नखरा आहे. मग कळलं की ही विद्या आहे आणि ती त्याला भैय्याजींनी दिली आहे.

भैय्याजी म्हणजे नागपूरजवळच्या वाडीतले जुने वायरमन. त्यांनी प्रेमानंदला पोरवयात शिडी धरायला ठेवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तारेत करंट हाय का नाही हे पाह्याचं असन, त उलटा हात लावाचा. झटका बसला त मूठ आत वळते अन् हात तारेपासून दूर जाते. सीधा हात लावला त मूठ तारच धरून घेते. मंग सोडत नाही गा ते."

त्या हाताच्या भरवशावर प्रेमानंदचं अर्धं आयुष्य गेलं आणि मागच्या उन्हाळ्यात त्याच हाताने त्याला नापास केलं.

परीक्षा वायरमनच्या सरकारी परवान्याची होती. जोडणी त्याने सगळ्यांच्या आधी संपवली. मग बोर्ड उघडताना, टेस्टर टेबलावरच पडलेला असताना, त्याची बोटं आपसूक तारेला लागून आली. परीक्षक म्हणाले, "थांबा. ठेवा ते खाली."

"करंट नव्हता जी साहेब."

"ते तुम्हाला हात लावल्यावर कळलं. पुढचा या."

ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. पेपर अवघड होता म्हणाला. कौसल्येला खरं कळलं ते त्याच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या एकाच्या बायकोकडून, बोअरवेलवर पाणी भरताना. तेव्हा ती काही बोलली नाही. पण यंदा गप्प बसून चालणार नव्हतं. अमरावती रोडवरच्या ज्या गोडाऊनची वायरिंग तो वर्षानुवर्षं सांभाळत होता, तिथल्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं. विमावाल्यांना परवानेवालाच माणूस पाहिजे. पावसाळ्याच्या आत परवाना आणला तर काम तुझं, नाही तर मी दुसरा पाहतो. ही भाड्याची खोली, लेकीचं, काजलचं कॉलेज, सगळं त्या गोडाऊनच्या तारांवर लटकलेलं होतं.

"अभ्यास तुम्हाले येते," कौसल्या म्हणाली. "हात येत नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे मले सगळं मालूम हाय."

तो मान खाली घालून जेवला. दुसऱ्या दिवशीपासून घरात नवा कायदा आला. काहीही तपासायला त्याचा उलटा हात पुढे गेला की जो जवळ असेल त्याने ओरडायचं, "हात!" चहाच्या कपाजवळ हात. गाडीच्या सायलेन्सरजवळ हात. झोपेतून उठून मोबाइल चार्जरला लावतानाही त्याची बोटं आधी वळायची आणि पलंगावरून काजल ओरडायची, "बाबा, हात!" शेजारीण विचारायला आली, तुमच्या घरी भांडणं होऊन राहिली का वं?

चिडायचाही तो. एकदा कौसल्या कूलरमध्ये पाणी घालायला गेली. बादली खाली ठेवून, करंट उतरलाय का ते पाहायला, तिने आधी पत्र्याला बोटांची मागची बाजू लावली. नागपुरात उन्हाळ्यात घराघरात बाया हेच करतात.

"हात!" तो मागून इतक्या जोरात गरजला की बादली कलंडली.

"मले काय परीक्षा द्याची हाय?"

"मराचं हाय का मंग?"

ती पाणी पुसत राहिली. आपलेच शब्द त्याला ऐकू आले असावेत. त्या दिवसानंतर तो चिडला नाही.

भैय्याजी मात्र आले की टोचत. "काय गा, बायको शिकवून राहिली म्हणे तुले? मी तुले ज्या हातानं जिता ठेवला, तो हात आता खराब झाला काय? कागदाले करंट समजत नाही, प्रेमानंद."

प्रेमानंद हसल्यासारखं करायचा. त्यांच्यासमोर त्याने कधी आवाज चढवला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी कौसल्या त्याच्या मागे गाडीवर बसली. "तिथं तुहं काय काम?" त्याने विचारलं.

"तुमच्या हाताले सोबत."

परीक्षा एका वर्कशॉपमध्ये होती. उमेदवार आत गेले. बाकीच्यांनी फाटकाबाहेर थांबायचं होतं. पण आत पाण्याच्या टाकीपाशी सावली होती, आणि टाकीच्या बाजूला वर्कशॉपची जाळीची खिडकी. कौसल्या तिथेच जाऊन उभी राहिली. चौकीदार आला. "बाई, इथं नका थांबू."

"पाणी पिऊन राहिली न भाऊ."

"किती पाणी पिता?"

"ऊन पाहा न बाहेर." तो गेला, पण पुन्हा येईन अशा नजरेने गेला.

खिडकीतून तिला प्रेमानंदचं तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती, टेबल दिसत होतं आणि उजवा हात दिसत होता. समोर बंद पडलेला एक बोर्ड आणि शेजारी भिंतीत एक सॉकेट. परीक्षक खुर्चीत बसून चहा पीत होते. प्रेमानंदने टेस्टर उचलला. बोर्डाला लावण्याआधी त्याने तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला. टेस्टरच चालू आहे की नाही, हे आधी पाहायचं असतं. घरी त्याने हे इतक्यांदा घोकलं होतं की तिलाही पाठ झालं होतं.

टेस्टर पेटला नाही.

त्याने दुसऱ्या भोकात घातला. तळव्याची सावली करून पाहिलं. नाही.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं. "लाइट लागत नाही ना? म्हणजे सप्लाय नाही. खोला बोर्ड. वेळ चाललाय."

प्रेमानंदने मान वर केली. छताचा पंखा फिरत होता. मग त्याने टेस्टर डाव्या हातात घेतला.

कौसल्या जाळीजवळ सरकली. टेस्टर डाव्या हातात गेला, म्हणजे उजवा त्याला मोकळा हवा होता. तिने पाहिलं, बोटं दुमडायला लागली होती. अगदी तव्याजवळ दुमडतात तशी. ओरडलं तर तो वाचेल, पण बाहेरून कोणी ओरडलं म्हणून त्याला उठवतील. नाही ओरडलं तर ती बोटं जाणार. तिने पदराचा बोळा दातांत धरला. मागे चौकीदाराच्या चपला वाजल्या.

"बाई, तुम्हाले सांगितलं न मी."

तिने मागे न पाहता हाताने त्याला थांब म्हटलं. काय दिसलं त्याला तिच्या पाठीत कोण जाणे, तोही उभा राहून खिडकीत पाहू लागला.

हात टेबलाच्या वर थांबला होता. ना पुढे, ना मागे. मग तो हळूच उघडला आणि पँटच्या खिशात गेला.

"साहेब, दुसरा टेस्टर पाहिजे. नाहीतर टेस्ट लॅम्प द्या."

"का? यात काय खोट आहे?"

"हा पेटत नाही. पण टेस्टर मेला का लाइन मेली, हे मले मालूम नाही जी."

"मग हात लावून बघा. तुम्ही जुने लोक लावता की."

पंख्याची घरघर तिला बाहेर ऐकू येत होती.

"लावत होतो जी. आता नाही लावत."

"का?"

"घरी ओरडतात."

मागे रांगेत कोणीतरी खुसकन हसलं, मग दोघं-तिघं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून लॅम्प काढून पुढे सरकवला. प्रेमानंदने उजवा हात खिशातून काढून लॅम्पची दोन टोकं सॉकेटला लावली, तसा बल्ब भक्कन पेटला. लाइन जिवंत होती. मेला होता टेस्टर. तो मुद्दाम ठेवलेला होता की तिथलाच बिघडलेला, हे कधीच कळलं नाही. परीक्षकांनी कागदावर काही लिहिलं आणि म्हणाले, "आता मेन बंद करा, आणि बोर्ड खोला."

कौसल्या टाकीच्या कठड्यावर बसली. चौकीदाराने पेला भरून दिला. "घ्या, आता प्या खरोखर."

निकाल नंतर काजलच्या मोबाइलवर आला. पास. मालकाने काम कायम केलं. त्या संध्याकाळी भैय्याजी आले. चेहरा कडवट होता, पण हातात जिलेबीचा पुडा होता.

"झाला न मोठा माणूस? आता मलेही ने तुह्यासंग गोडाऊनवर. रिकामा बसून राहिलो मी."

"चाला न, भैय्याजी. तुमच्याशिवाय कोण?"

कौसल्या चहा ठेवत होती. तेवढ्यात कूलर घरघर करून थांबला. "मोटारची तार ढिली झाली असन," म्हणत भैय्याजी उठले. मागची जाळी त्यांनी सवयीने सरकवली आणि बोटं वळवून आत नेली.

"हात!"

प्रेमानंदचाच आवाज होता तो. भैय्याजींचा हात हवेत राहिला. त्या बोटांवर झटक्यांचे जुने काळे डाग होते.

"कोणाले म्हणतं बे?"

प्रेमानंद उठला, त्याने प्लग उपटला, खिशातला टेस्टर काढून त्यांच्यासमोर धरला. "तुम्हालेच जी. गोडाऊनवर या. पण हा घेऊन या."

"तुले मी शिकवलं."

"हाव. म्हणून तर म्हणून राहिलो."

भैय्याजींनी टेस्टर घेतला नाही. चहा न पिता चपला घातल्या.

"इतकं बोलाचं होतं का?" कौसल्येने हळूच विचारलं.

"उद्या त्याह्यले काही झालं त? आता गोडाऊनच्या कागदावर सही माही हाय, कौसल्या."

सकाळी तो गाडी काढत असताना भैय्याजी गल्लीच्या तोंडाशी उभे होते. तोंड दुसरीकडे. प्रेमानंदने काही न बोलता टेस्टर पुढे केला. त्यांनी तो घेतला, शर्टाच्या खिशाला लावला नाही, पिशवीत पार तळाशी टाकला आणि गाडीवर मागे बसले.

कौसल्या दारातून पाहत राहिली. ट्रकांच्या गर्दीत गाडी दिसेनाशी झाली. पिशवीतला टेस्टर बाहेर निघेल की नाही, हे पाहायला गोडाऊनवर तिच्यासाठी खिडकी नव्हती.