शेजारणीचं न्गालाख

आमच्या सेनेगलच्या शेजारणीइतकी शेजारधर्माची हौस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या कुणाला नसेल. आमच्या अप्पर हट गावात लोकांना शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव माहीत असतं, शेजाऱ्याचं नाही. ही मात्र राहायला आली त्याच दिवशी 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करत थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरली, एकेक डबा उघडून पाहू लागली आणि बाजरीचा डबा सापडताच तो पोटाशी धरून चक्क रडली. वृद्धाश्रमात धिप्पाड म्हाताऱ्यांना एका हाताने उठवून बसवणारी ही बाई! "इथे बाजरी पक्ष्यांना घालतात, सिस्टर!" असं ती आल्यागेल्याला चिडून सांगायची.

गुड फ्रायडेला ती न्गालाख करायची. वाफवलेल्या बाजरीच्या कण्या, भाजलेल्या दाण्यांचं दाटसर वाटण, साखर, जायफळ आणि भावाने धाडलेली गोरखचिंचेची आंबट पूड. तिच्या गावी ख्रिस्ती घरांत हे गोड पातेली भरभरून करतात आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे पोचवतात. शेजाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय आपण खायचं नाही, हा तिच्या आईचा नियम. आता ईस्टरच्या सुट्टीत इथले निम्मे शेजारी तंबू घेऊन समुद्रावर गेलेले. उरलेल्यांना ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून न्गालाख द्यायची, तर पलीकडचे आजोबा दरवर्षी तो डबा न उघडताच फ्रीजरमध्ये टाकायचे. राहता राहिले मी.

आणि दोन हजार चौदा साली नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली. "चंद्र उगवेपर्यंत मला चालत नाही गं," मी ओशाळून म्हटलं. दुसरी कुणी डबा ठेवून गेली असती. हिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, काढल्या आणि आमच्या पायरीवर बैठक मारली. "मग मीही थांबते." पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरवर चंद्रोदय पावणेदहाचा होता, म्हणून मी निवांत भांडी घासत होते. आठच्या आतच बाहेरून आरोळी आली, "सिस्टर, तुझा चंद्र लवकर आला!" पुण्याची वेळ इथल्या टेकडीला लागू नाही, हे इंजिनिअर नवऱ्याच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. मी घाईघाईने नैवेद्य दाखवला आणि मग दोघी पायरीवर बसून न्गालाखवर तुटून पडलो.

तेव्हापासून तिची पक्की समजूत झाली की गुड फ्रायडेला आम्हा हिंदूंचा चंद्राचा उपास असतो. पुढे त्या दिवशी संकष्टी नसली तरी ती दुपारीच येऊन बसायची, आणि चंद्र दिसेपर्यंत डब्याला हात लावायची नाही. खरं सांगायला मी दरवर्षी तोंड उघडायचे. पण तेवढ्यात ती गावाबद्दल बोलू लागायची, कुठल्या घरी किती वाडगे जायचे, आई कुणाला जास्त वाढायची. ती वाट पाहणं तिला हवं असायचं. मलाही हवं असायचं.

तिची आई अंथरुणाला खिळली तशी ती परत गेली. आता तिच्या गल्लीत शेजाऱ्यांना तोटा नाही. तरी गुड फ्रायडेला आमची संध्याकाळ झाली की तिच्या सकाळचा फोन येतो. "सिस्टर, चंद्र आला का?" मी साधी चिंच घालून केलेलं न्गालाख घेऊन अंगणात जाते, टेकडीकडे बघते आणि पहिला घास घेते. मग ती तिकडे चमचा उचलते.

खरं काय ते तिला मी अजूनही सांगितलेलं नाही. तिची फार आठवण येते. आता त्या दिवशी मी खरोखरच उपास धरते.