पाण्यातला पांढरा पट्टा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर कुर्लीसारखं तिरकं चालतं. ही वही चुकून कोणी उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

नणंद कणकवलीला कंप्युटरवर चित्रं हलवायला शिकली. कोर्स संपल्यावर म्हणाली, घरी कंप्युटर हवा. सासरे म्हणाले, "आधी लगीन." मग मी बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं. बैठकीत मी कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशीही अध्यक्षबाईंनीच माझ्या वतीने विचारलं, मी नुसती मान हलवली. हप्ते तिच्या कामातून फेडायचे, असं आम्हा दोघींचं ठरलं. एक जरी हप्ता चुकला तर कंप्युटर विकायचा, असं सासऱ्यांनी बजावलं.

पहिलं काम मिळालं ते मालवणच्या केबलवाल्याचं, समुद्राकाठच्या एका लॉजची जाहिरात. वर होडी डुलते, खाली मासे फिरतात. पाणी तळाला गडद निळं आणि वर येईल तसं विरत जाऊन अगदी आरपार दिसायला हवं होतं. विरत होतं, पण मध्येच एक पांढुरका पट्टा उमटत होता. केबलवाल्याने सीडी तिच्या हातात परत दिली.

"पाण्यात दूध सांडलां काय? बुधवारपर्यंत नीट करून दी, नायतर मी कोल्हापुरात करून घेतंय."

दोन दिवस ती त्या पट्ट्याशी झुंजली. कंप्युटर बंद करून चालू केला. बूथवरून कणकवलीच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, नवीन फाईल घे. नव्या फाईलमध्येही पट्टा होताच. मी चहा घेऊन दारात उभी राहायची. तो पट्टा मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. पण कंप्युटरच्या गोष्टीत आपण काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले.

दर श्रावणात मी शेजारच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवायला जात असे. पहिल्या वर्षी कानाचा गुलाबी रंग कडेला फिका करायचा होता, तर मी त्यात पांढरा मिसळला. म्हातारे मूर्तिकार चष्म्यावरून बघत म्हणाले, "गणपतीक ताप इलो काय गो? फिको करूक पांढरो कित्याक? गुलाबीच घे, पाणी वाढव."

मंगळवारी नणंद कीबोर्डवर कपाळ टेकून बसली, तेव्हा मला राहवलं नाही.

"वरच्या टोकाक कसलो रंग आसा?"

"कसलोच नाय. थंय पारदर्शक केलंय."

"करूच्या आधी कसलो होतो?"

तिने डोकं वर केलं. "पांढरो."

"मगे तोच वाटेत मिसळता. थंय पण निळोच घाल, आणि मगे तो पारदर्शक कर."

"जो दिसाचोच नाय, तो निळो कित्याक?"

"घालून तर बघ. चाय थंड होता."

तिने घातला. पट्टा गेला. ओहोटीला काठच्या काळ्या खडपांपाशी दिसतं तसं पाणी झालं, निळं कुठे संपलं ते सांगता येऊ नये असं. तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"वैनी, तू कंप्युटर गणपतीच्या शाळेत शिकलंस?"

बुधवारी ती पहिल्या एस.टी.ने सीडी घेऊन गेली. जाहिरात दोन मोसम चालली. टीव्हीवर ती होडी आली की मी चुलीवरचं टाकून बाहेरच्या खोलीत यायची. सासरे बघत असले तर दारामागूनच बघायची. मासे माझ्या ओळखीचे झाले होते.

आता नणंद गोव्यात असते. कंप्युटर केव्हाच बिघडला. त्याच्या टेबलावर आम्ही कोकमाच्या बरण्या ठेवतो. पण शेवटचा हप्ता अजून डोळ्यांपुढे आहे. तो द्यायला मी एकटीच गेले होते. अध्यक्षबाई सवयीने माझ्या वतीने बोलू लागल्या. मी म्हटलं, "थांबा, मी सांगतंय." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

मी नोटा सतरंजीवर ठेवल्या आणि सांगितलं, "नणंदेच्या कंप्युटरचे पैसे आज सगळे फिटले."