न पाहिलेली सफरचंदाची बाग

कुफ्रीच्या बर्फात माझी आई उभी होती. नऊवारीवर भाड्याचा ढगळ कोट, पायात गमबूट. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. आई आता नाही, आणि त्या लाजेचीच आज लाज वाटते.

आईचा उभा जन्म नाशिकजवळच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवण्यात गेला. मी शिकून कारकून झालो, शहरात आलो. तिला एकदा हिमाचल दाखवावं म्हणून मोठ्या हौसेनं सहलीच्या बसची दोन तिकिटं काढली. त्या दिवशी सकाळी कुफ्रीचा बर्फाचा डोंगर आणि दुपारी जवळचं सिमला शहर, असा कार्यक्रम होता.

तिला बर्फाचं कौतुक नव्हतंच. आमच्याकडे थंडीचा कडाका वाढला की फुलं काळी पडतात. इथं डोंगरच्या डोंगर पांढरा बघून ती धास्तावली. कोट भाड्यानं देणाऱ्या बाईला तिनं सरळ मराठीत विचारलं, "एवढ्या गारठ्यात तुमचं पीक जगतं कसं गं?"

बाईला काय समजलं देव जाणे. तिनं खालच्या उतारावरच्या निष्पर्ण झाडांकडे बोट दाखवलं. "सेब हैं, अम्मा. अभी सो रहे हैं. चलो, दिखाती हूँ. चाय भी पी लेना."

आईनं लगेच कमरेची पिशवी चाचपली. तिच्यात घरच्या झेंडूचं बी होतं. दुसऱ्याच्या मळ्यात रिकाम्या हातानं जायचं नाही, आपल्या रानातलं काहीतरी न्यायचं, ही आमच्याकडची रीत. नाशिकहून निघतानाच तिनं ते बांधून घेतलं होतं.

"धाच मिनिटं जाऊन येते रे. झोपलेलं झाड कधी पाह्यलं नाय मी."

"काड्यांत काय बघायचंय? बस सुटेल. सिमल्याचे चार पॉइंट राहिलेत अजून," मी खेकसलो. तेही त्या बाईसमोर.

आईनं कोट उतरवून दिला. बस काही सुटली नाही. कोणी घोड्यावर रपेट मारायला गेलं होतं, त्यात तासभर गेला. तो तासभर आई खिडकीतून उताराकडे बघत राहिली आणि मी मोबाइलमध्ये. मग सिमल्याच्या मॉल रोडवर मी तिला चर्च दाखवलं, दुकानं दाखवली, सांगेन तिथं उभं करून फोटो काढले. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.

घरी परतल्यावर मळ्यातल्या बायका जमल्या. काय काय पाहिलं, विचारू लागल्या. मी चर्चचा फोटो शोधत होतो, तेवढ्यात आई बोलली.

"सफरचंदाची बाग पाह्यली. पार उतारावर हाय, पाय घसरतो. झाडाला हात लावला तर दगडावानी गार. पण आत जीव असतो."

"एकटी गेली व्हती?" एकीनं विचारलं.

"नाय गं. पोरानंच नेलं, हाताला धरून."

साऱ्याजणी कौतुकानं माझ्याकडे बघू लागल्या. मी मान डोलावली.