निरवांगीचं उलटं सॉकेट

“अवं वायरमन! सॉकेट उलटं हाय का तुमचं डोकं?”

निरवांगीच्या आबांचा हा आवाज इंदापूरच्या स्टँडपर्यंत गेला असणार. मी शिडीवरून पडता पडता राहिलो.

आधीच सांगतो. वीस वर्षं बारामती-इंदापूर पट्ट्यात वायरमनचं काम करतोय. न दिसणारी एकच गोष्ट मानतो — करंट. भूतखेत म्हणजे रिकाम्या डोक्यातलं शॉर्ट सर्किट... असं त्या दिवसापर्यंत म्हणत होतो.

आबांची सून, सुनंदावहिनी, घरच्या घरी दळणं सुरू करणार होती. पत्र्याच्या बॉडीची नवी कोरी घरघंटी आली होती. आळीतल्या बायका सकाळपासून गव्हाचे डबे घेऊन ओट्यावर बसलेल्या. त्या खोलीतलं पॉवरचं सॉकेट मी तासाभरापूर्वीच बसवलेलं. मोठं भोक वर, ते अर्थिंगचं. खाली उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. झोपेत बसवलं तरी माझा हात चुकायचा नाही. आणि बघतो तर मोठं भोक खाली!

“माझंच चुकलं असंल, आबा,” म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वापरलं. स्क्रू काढून सॉकेट सरळ केलं आणि हॉलमधला पंखा टांगायला गेलो.

पंखा फिरायच्या आत वहिनींची हाक — “भावजी, परत उलटं झालंय की वं!”

स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात. घरात दुसरं हत्यार म्हणजे आबांची जीभ. पुन्हा सरळ केलं आणि खुर्ची टाकून समोरच बसलो. पाऊण तास पापणी लववली नाही. चहा आला तेव्हा बशीत बघितलं, तेवढंच. वर बघतो तर... मोठं भोक खाली. स्क्रू घट्ट.

आता मात्र मी बशी खाली ठेवली. कारण उलटं सॉकेट ही आमच्या तात्यांची खूण. तात्या म्हणजे माझे उस्ताद. अर्थिंग नसलेल्या जागी ते मुद्दाम सॉकेट उलटं लावायचे, मागून येणारा सावध व्हावा म्हणून. ही खूण त्यांना आणि मलाच ठाऊक. आणि तात्यांना जाऊन दोन वर्षं झालेली. तेव्हा या घराचा पायासुद्धा खणलेला नव्हता.

आता खरं बोलतो. “अर्थिंगचा खड्डा झालाय, कोळसा-मीठ सगळं घातलंय,” असं मी आबांना छातीठोक सांगितलं होतं. खड्डा कसला! जमीन दगडासारखी, म्हणून हिरव्या वायरीचं वेटोळं घरामागं विटेखाली दाबून ठेवलेलं. नंतर बघू म्हणून.

“भावजी, ऱ्हाऊ द्या उलटं. करू का चालू?” वहिनींचे हात ओले, पाय उघडे, फरशी नुकतीच पुसलेली. पिन सॉकेटपासून वीतभर लांब.

“थांबा!” मी असा ओरडलो की ओट्यावर दोन डबे सांडले.

वहिनींना बाहेर काढलं. पायात रबरी चप्पल घालून मीच पिन लावली, बटण दाबलं आणि मशिनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. लख्ख पेटला. आत कुठंतरी वायर सोलवटून पत्र्याला लागली होती. अर्थिंग असतं तर तो करंट जमिनीत गेला असता. नव्हतं... म्हणजे तो वहिनींच्या अंगातून जाणार होता.

“मशिनच खराब हाय, बदलून आणा,” एवढंच आबांना सांगितलं. खड्ड्याचं काही बोललो नाही. वहिनी मला देवमाणूस म्हणाल्या, तेही ऐकून घेतलं.

टेस्टर का पेटला ते सांगता येतं. सॉकेट कुणी फिरवलं, ते अजून सांगता येत नाही.

गाडी थेट बारामतीला तात्यांच्या घरी. काकू मेथी निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं — तीनदा फिरलेलं सॉकेट माझ्या तोंडी सातदा फिरलं, भिंतीतून धूरही निघाला. काकूंनी मेथीवरनं नजर काढली नाही.

“ते ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “खड्डा खांदलास का?”