काळ्या चौकटीतली पेनाकाकू

वेलिझारचं छपाईचं दुकान माझ्या केस कापायच्या दुकानाला लागून आहे, त्यामुळे त्याचं सगळं मला भिंतीतून ऐकू येतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, भोवती काळी चौकट आणि खाली चार ओळी असा कागद छापून दारावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. गावातले हे सगळे कागद वेलिझारचे. काम चोख, पण माणूस बिचारा बदनाम. तो कुणाच्या गल्लीत शिरला की म्हाताऱ्या आत पळायच्या. "एकदा तरी जिवंत माणसाचं काम मिळू दे गं," असं तो मला नेहमी म्हणायचा.

मग तो राजधानीत, सोफियाला, कसल्याशा शिबिराला गेला आणि डोक्यात 'गोष्ट' घेऊन आला. माल विकत नाहीत म्हणे, मालाची गोष्ट विकतात. पहिला बळी मी. माझ्या पाटीवर त्याने लिहिलं, 'या खुर्चीत तीन पिढ्यांनी मान खाली घातली.' आठवडाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. मीच पाटी उतरवली.

तरी त्याला काम मिळालं. पेनाकाकूला गावच्या जत्रेत ल्युतेनित्सा विकायची होती. भाजलेल्या मिरच्यांची आणि टोमॅटोची ही चटणी ती करते तशी कुणाला जमत नाही. बरण्यांवर लावायला कागद हवा होता.

"काकू, हिची गोष्ट सांगा," वेलिझार म्हणाला.

"गोष्ट कसली? भाजायचं, सोलायचं, आटवायचं."

"भांडण नाही तर गोष्ट नाही, काकू. आठवा जरा."

भांडण होतं की! काकूची धाकटी बहीण दोब्रिना म्हणायची, ल्युतेनित्सात वांगं हवंच. काकू म्हणायची, मुळीच नको. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं ते आजतागायत. घरं एकाच रस्त्यावर, पण दोघी दुधाला वेगवेगळ्या वेळी निघायच्या. काकू हे सांगताना नाक ओढत होती. वेलिझार भराभर लिहून घेत होता.

कागद झाला, आणि जत्रेसाठी त्याचंच मोठं भित्तिपत्रक. वेलिझारने ते पहाटेच सगळ्या खांबांवर चिकटवलं. काकूचा न हसणारा फोटो. भोवती काळी चौकट, शोभून दिसते म्हणून. खाली मजकूर: 'पेना. आयुष्यभर चुलीपुढे उभी राहिली. बहिणीने वांगं घाल म्हटलं, हिने घातलं नाही. आता सगळं तुमच्या हवाली.' तळाशी बारीक अक्षरात बरणी.

जन्मभराचा हात, दुसरं काय निघणार त्यातून!

काकू अंगणात मिरच्या भाजत होती, मी सोलायला बसले होते. पोस्टमन फाटकातून आला तो टोपी काढूनच. काकूला बघून त्याने टोपी परत घातली.

"काकू, तुम्ही... इथेच?"

"मग कुठे असणार? मिरच्या कोण भाजणार, तुझा बाप?"

त्याच्यामागून शेजारणी आल्या, मयताच्या घरी नेतात ते उकडलेले गहू घेऊन. जरा वेळाने वेलिझार बरण्यांवरचे कागद घेऊन आला आणि काकूने डाव उचलला.

"मेल्या, जिवंतपणी चिकटवलंस मला खांबाला! आत्ताच्या आत्ता सगळं फाडून ये. बरण्यांवरचंही!"

वेलिझारचा चेहरा पडला. आयुष्यात पहिलं जिवंत काम, तेही गेलं. मला हसूही येत होतं आणि त्याची दयाही.

तेवढ्यात दोब्रिना आली. पायात घरातल्याच चपला, डोळे सुजलेले, हातात सहा लाल फुलं. आमच्याकडे फुलं सम संख्येत फक्त मेलेल्यांनाच देतात. चुलीपुढे उभी पेनाकाकू दिसली आणि ती मटकन खाली बसली.

"अगं, तू मेली नाहीस?"

"वेळ कुठे मिळाला?"

दोब्रिना आधी रडली, मग तिने बहिणीला दोन धपाटे घातले, मग दोघी गळ्यात पडून रडल्या. मिरच्या करपल्या. वेलिझार हळूच फाटकाकडे निघाला होता.

"कुठे निघालास?" दोब्रिना ओरडली. "एक कागद फाडलास तर बघ! वाचून इथवर पळत आले मी."

तिने गुच्छातलं एक फूल उपसून त्याच्या हातात दिलं आणि उरलेली पाच पेनाकाकूला. मग बोटाने बरणीतली ल्युतेनित्सा चाखून म्हणाली, "वांगं हवंच होतं."

काकूने बरणीला झाकण लावलं. वेलिझार मात्र फुलाकडे बघत उभा होता. त्याच्या कागदावरून इतकी वर्षं लोक फुलं घेऊन निघाले, पण त्याच्या हातात फूल कुणी दिलं नव्हतं.