‘येते’ नावाचं बटण

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये संगणक बंद करायच्या, पडद्यावरच्या बटणावर ‘येते’ असं लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं होतं. बाहेरचा माणूस बुचकळ्यात पडायचा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर हे दाबल्यावर चहा येतो का, असं विचारलं होतं. आमच्या पोरांनी मात्र त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

मी विज्ञानाची शिक्षिका. शाळा नेकनूरजवळच्या एका गावात आहे आणि मी नेकनूरला माडीवरच्या खोलीत राहते. एकटी राहते, का, ते इथं सांगत बसत नाही. शाळेला कुणीतरी वापरून टाकलेले संगणक दान दिले, तेव्हा त्यांत चोरीच्या सीडीवरून घातलेली सिस्टीम होती आणि व्हायरसांचा बाजार भरलेला होता. एक मशीन सुरू होईपर्यंत पोरांची प्रार्थना, राष्ट्रगीत आणि हजेरी उरकायची. मला लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमची हौस होती. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी मशिनं पुसली आणि त्यांत लिनक्स घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. घ्या, वापरा, आत काय लिहिलंय ते वाचा, पटलं नाही तर बदला, आणि शेजाऱ्याला द्या. म्हणजे भाजीही मिळते आणि तिची कृतीही. मराठीत याला ‘मुक्त’ सॉफ्टवेअर म्हणतात. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्याला फुकट म्हणतात. ते मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणातले, संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली. झेंडावंदनाच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं, की आपल्या बाईंनी अख्खी लॅब फुकटात उभी केली. टाळ्या पडल्या. मीही त्या दिवशी खूश होते, हे कबूल करायला हरकत नाही.

बटणाची गोष्ट अशी. सिस्टीम मराठीत करता येते म्हणून मी ती मराठीत केली, तर बंद करायच्या जागी ‘निर्गमन’ असा शब्द आला. निर्गमन म्हणजे काय, हे पोरांना कळेना. मग तास संपला की पोरं भिंतीवरचं बटण खटकन बंद करून पळायची आणि मी दुसऱ्या दिवशी अर्धमेल्या डिस्का दुरुस्त करत बसायची. शब्द बदलणं माझ्या हातात होतं. मी विचार केला, घरातून निघताना आपण काय म्हणतो? जाते म्हणत नाही, ते अभद्र. येते म्हणतो. दिवाळी झाली की आमच्या पोरांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात, आणि ट्रकमध्ये चढताना आई लेकराला येते म्हणूनच सांगते. शब्द बदलल्यापासून भिंतीचं बटण कुणी दाबलं नाही. एका पोरानं फक्त एवढंच विचारलं, की आमी मुलांनी ‘येतो’ दाबायचं का? मी म्हटलं, मशीन बाईमाणूस आहे, तीच बोलतेय.

इथपर्यंत सगळं गोड आहे.

मग त्यातलं एक मशीन ऑफिसात गेलं; दाखले त्याच्यावर निघायला लागले, निकाल त्याच्यावर, पोषण आहाराचा हिशेब त्याच्यावर. प्रिंटर रुसला की बाईंना बोलवा. पासवर्ड विसरला की बाई. तासावर असले तरी खडू ठेवून जायचं. मी आमच्या क्लार्कला शेजारी बसवून शिकवलं, दोन तरुण शिक्षकांना शिकवलं. तिघांनीही समजलं समजलं म्हणून माना डोलावल्या आणि तिघांचंही एकच वाक्य तयार असायचं, “बाई हायेत की.” मला त्या वाक्याचा आधी अभिमान होता. पुढे ते ऐकलं की कपाळाची शीर उडायची.

तेलगावला माझे वडील असतात. मी त्यांना अण्णा म्हणते. आई गेल्यावर ते एकटेच होते, पण हिंडते-फिरते होते. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता खांद्याला आधार देऊन उभं करावं लागतं, घास भरवावा लागतो. शेजारची काकू दोन वेळा भाकरी करून भरवते आणि अधूनमधून डोकावते. मला भाऊ नाही, बहीण नाही. मी शनिवारी दुपारी नेकनूरहून बीड, बीडहून तेलगाव अशा गाड्या बदलत जाते आणि रविवारी संध्याकाळी परत फिरते.

तेलगावला आमच्याच संस्थेची शाळा आहे आणि तिथं विज्ञानाची जागा रिकामी आहे. म्हणजे मला नवीन काही नको होतं, फक्त ‘कार्यमुक्त’ केल्याचा एक आदेश हवा होता. तो मिळाला की मी अण्णांजवळ राहून नोकरी करू शकत होते. अर्ज दिला. मुख्याध्यापक भला माणूस, पण अध्यक्षांपुढे त्यांच्या पाठीचा कणा वितळतो. ते म्हणाले, बाई, सोडावं असं लई वाटतंय, पण तुमाला सोडून मशिनीचं करू काय? मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, अण्णांची चौकशी केली.

“कावून जायचंय तुमाला? काय कमी हाय हितं?” ते म्हणाले. “वडलांनाच घेऊन या की हितं.”

माडीवरच्या खोलीला जिना आहे आणि मी दिवसभर शाळेत असते, हे मी सांगितलं. खालची खोली पाहिली तरी काकूसारखं डोकावणारं नेकनूरला कोण? मग मी म्हटलं, बीडचा एखादा संगणकवाला दुकानदार लावा, तो महिन्याला येऊन मशिनं बघेल. ते हसले. फुकटचं असताना विकतचं कशाला, म्हणाले. त्यांचं फुकट म्हणजे लिनक्स नव्हतं, मी होते, हे मला तिथून उठल्यावर रस्त्यात कळलं. ज्याच्या नावातच मुक्त आहे, त्याच्याच पायी मी दावणीला बांधली गेले होते.

नोकरी सोडा म्हणणारेही भेटतात. त्यांच्या घरी बहुधा दुसरा पगार येत असतो. अण्णांची औषधं माझ्या एकाच पगारावर आहेत. सगळं मुद्दाम बिघडवून ठेवावं, असंही मनात येऊन गेलं. पण पोरं सकाळी चपला बाहेर काढून आत येतात, देवळात यावं तशी, आणि माझा हात धजत नाही.

एका रविवारी मी अण्णांना दूध-भाकरीचा काला भरवत होते आणि क्लार्कचा फोन आला. सोमवारी तपासणी, म्हणून ते रविवारीही ऑफिसात, आणि मशीन चालू होईना. फोन खांद्यात धरून मी त्यांना टाईप करायचं एकेक अक्षर सांगू लागले. बराच वेळ काही जमेना. मग उमगलं, मी ‘स्पेस’ म्हणत होते आणि ते जागा सोडायची सोडून स्पेस हा शब्द टाईप करत होते. मी ओरडले. अखेर मशीन चालू झालं, आणि मी वळून बघितलं तर काला अण्णांच्या छातीवर सांडलेला. त्यांनी हाक मारली नव्हती. तो डाव्या हातानं पुसायचा प्रयत्न चालला होता.

त्यांचे कपडे बदलले, तोंड पुसलं. गाडीची वेळ झाली. मी पिशवी घेतली आणि नेहमीसारखं येते म्हणाले.

अण्णांची जीभ आता जड झाली आहे. सावकाश म्हणाले, “येते म्हणू नगं. तू येते म्हणलीस की मी सडकंकडं कान लावून बसतो. गाडी वाजली की वाटतंय आलीस. जाते म्हण. म्हंजी जेवून गप पडंन तरी.”

तशीच निघाले. बीडपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

सोमवारी तपासणी उरकली. साहेब गेल्यावर मी शब्दांची ती फाईल उघडली, ‘येते’ पुसलं आणि ‘जाते’ लिहिलं. सगळ्या मशिनींवर तेच चढवलं. राग होता, तो कुठंतरी लिहायचा होता.

तास संपला. सातवीतली एक मुलगी माउसवर हात ठेवून थांबली. म्हणाली, बाई, ह्यात काहीतरी चुकलंय. मी म्हटलं, काही चुकलेलं नाही, दाब. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“मी न्हाई म्हणणार बाई,” ती म्हणाली. “माजी आई कारखान्यावर हाय.”

बाकीची पोरंही उठली आणि मशिनं तशीच चालू ठेवून बाहेर गेली. भिंतीच्या बटणालाही कुणी हात लावला नाही, ते वळण मीच लावलेलं. ऑफिसातही तेच झालं. क्लार्कची आई अंथरुणाला खिळलेली, ते पडद्याकडे बघून खुर्ची मागे सरकवून उठले. मुख्याध्यापक माझ्याकडे आले, म्हणाले, बाई, असलं अभद्र कावून लिवलंत, पयलंच बरं होतं. मी म्हटलं, मला कार्यमुक्त करा, जायच्या दिवशी बदलून जाते. उभ्या आयुष्यात मी एवढं ताठ बोलले नव्हते. मला वाटलं, आता काहीतरी हलेल.

त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: शब्द ऱ्हाऊ द्या तसाच, कुणाला दाबायचं नसंल तर न्हाई दाबलं तरी चालंल. बंद करायला बाई हायेत की.

तेव्हापासून शाळा सुटली की मी लॅबमध्ये जाते. एकेका मशिनीपुढे वाकते आणि सगळ्यांच्या वाटचं ‘जाते’ मी एकटीच दाबते. मग ऑफिसातलं. मग कुलूप लावून नेकनूरच्या गाडीची वाट बघते.

रविवारी तेलगावला मी पिशवी उचलते, चपला घालते. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी वाटेत ‘जाते’ म्हणायचं ठरवून आलेली असते, आणि उंबऱ्यावर माझ्या तोंडून ‘येते’च निघतं.